एक्सवाय-एमडी०२ तापमान-आर्द्रता सेन्सर: लॅबसाठी घ्यावा का, आणि त्याला नंबर कसे द्यावेत

उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फाउंड्री आणि मशीन शॉपच्या टेस्टिंग लॅब, चिकोडी-रायबाग-अथणी पट्ट्यातल्या साखर कारखान्यांच्या लॅब, बेळगाव शहरातल्या पॅथॉलॉजी लॅब. यांची कामं वेगळी, पण खोलीचं तापमान आणि आर्द्रता रोज नोंदवायचं काम सगळ्यांच्याच मागे असतं. अनेक ठिकाणी अजून भिंतीवर थर्मो-हायग्रोमीटर टांगलेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ कुणीतरी वहीत आकडा उतरवतं. सुट्टीच्या दिवशीची ओळ रिकामी राहते, नाहीतर सोमवारी एकदम भरली जाते. तारेनं जोडलेले सेन्सर लावून ही नोंद आपोआप व्हावी, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासमोर पहिला स्वस्त पर्याय येतो तो एक्सवाय-एमडी०२ या नावानं विकला जाणारा पांढरा डबा.

आमचं मत आधीच सांगतो. या किमतीत हा सेन्सर घेण्यासारखा आहे. रीगेंटची खोली, सँड लॅब (साच्याची वाळू तपासायची खोली), नमुने ठेवायची खोली, साखरेच्या लॅबमधली वजनकाट्याची खोली यांना तो पुरतो. त्याची खरी अडचण मापनात नाही, ओळखीत आहे. कारखान्यातून येणारा प्रत्येक नग एकच नंबर घेऊन येतो आणि वेगळा नंबर देण्याचं काम पूर्णपणे आपल्यावर पडतं. ते काम नीट झालं तर वर्षानुवर्षं त्रास नाही. अर्धवट झालं तर नोंदी दिसतात, पण त्या कुठल्या खोलीच्या आहेत हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. ऑडिटला तर तेच सांगावं लागतं.

डबा साधारण ६५ बाय ४६ मिलिमीटरचा आहे, मागे ३५ मिलिमीटरच्या डिन रेलची, म्हणजे पॅनेलमधल्या धातूच्या पट्टीची, खाच आहे. वीज ५ ते ३० व्होल्ट डीसी. चार स्क्रू टर्मिनल: प्लस, मायनस, ए आणि बी. आत सेन्सिरिऑन कंपनीचा एसएचटी२० सेन्सर असल्याचं विक्रेते सांगतात. डब्याच्या माहितीपत्रकात अचूकता तापमानाला अधिक-उणे ०.५ अंश आणि आर्द्रतेला अधिक-उणे ३ टक्के दिली आहे. संगणकाशी बोलणं आरएस-४८५ म्हणजे दोन तारांच्या जोडणीवरून, मॉडबस आरटीयू पद्धतीनं. किंमत हजार रुपयांच्या आतबाहेर. शहरातल्या दुकानात मिळाला नाही तर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळतो, नाहीतर ऑनलाइन आहेच.

सगळ्यांचा नंबर १

मॉडबस ही पद्धत मॉडिकॉन कंपनीनं १९७९ मध्ये आणली. एका तारेवर एकच विचारणारा असतो आणि बाकीचे उत्तर देणारे. विचारणारा नंबर घेऊन हाक मारतो, ज्याचा नंबर तोच बोलतो. नंबर १ ते २४७ वापरता येतात. ० म्हणजे सगळ्यांना एकदम आज्ञा, २४८ ते २५५ राखीव. हा डबा कारखान्यातून नंबर १, वेग ९६००, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट असा येतो. नंबर बदलायला बाहेर स्विच नाही, आत जंपर नाही, आणि आता कोणता नंबर चालू आहे हे दाखवणारा डिस्प्लेही नाही. नंबर फक्त तारेवरूनच वाचायचा आणि तारेवरूनच बदलायचा.

त्यामुळे चार नवे नग खोक्यातून काढून थेट भिंतीवर लावले आणि एका तारेवर जोडले तर एका हाकेला चौघंही उत्तर देतात. उत्तराचे पहिले तीन बाइट सगळ्यांचे सारखेच असतात, पुढे प्रत्यक्ष आकडे वेगळे निघाले की सिग्नल एकमेकांत मिसळतात आणि शेवटची तपासणी बेरीज जुळत नाही. स्क्रीनवर टाइमआउट किंवा सीआरसी एरर दिसते. हे निदान कळतं तरी. फसवणारा प्रकार वेगळा आहे. दोन डबे टेबलावर शेजारी शेजारी असतील तर दोघांचंही तापमान, आर्द्रता जवळपास एकच असते. दोघांचं उत्तर तंतोतंत जुळलं, किंवा एकाचा सिग्नल दुसऱ्याला दाबून गेला, तर कधी कधी वाचन बरोबर दिसतं. टेबलावर सगळं ठीक चाललं म्हणून वर नेऊन लावतात, आणि खोल्यांचं तापमान वेगळं झालं की एरर सुरू होतात. मग तार बदला, तार संगणकाला जोडणारा कन्व्हर्टर बदला, असा दिवस जातो.

याहून वाईट म्हणजे असे दोन डबे तारेवर असताना नंबर बदलायची आज्ञा देणं. १ नंबरला “आता तू १२ हो” म्हटलं की दोघंही १२ होतात. नंबर ० वापरून सगळ्यांना एकदम आज्ञा देऊ पाहिली तरी तोच धोका. म्हणून नियम एकच: नंबर देताना तारेवर एकच डबा.

तीन वेगळे नंबर, तिघांची वेगळी कामं

घाईत एकच नंबर सगळ्या कामाला वापरला जातो आणि गोंधळाचं मूळ तिथेच असतं. या डब्याच्या बाबतीत तीन ओळखी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

पहिला, तारेवरचा नंबर. हा जागेचा नंबर समजा. २१ म्हणजे सँड लॅबच्या उत्तर भिंतीवरची जागा. तिथला डबा बिघडून दुसरा लावला तरी जागा तीच, म्हणून नव्या डब्यालाही २१ च द्यायचा. संगणकावरच्या कार्यक्रमात काहीही बदलावं लागत नाही आणि आलेख तुटत नाही.

दुसरा, मालमत्ता नंबर. हा डब्याच्या देहाचा नंबर. टीएच-०१४ असा लिहा, लहानशा लॅबला तीन आकडे पुरतात. कॅलिब्रेशन प्रमाणपत्र या नंबरावर निघतं. डबा भंगारात गेला तर नंबरही त्याच्याबरोबर संपतो, पुन्हा कुणालाही द्यायचा नाही.

तिसरा, उत्पादकाचा अनुक्रमांक. या डब्यावर तो बऱ्याचदा नसतो, किंवा असतो तो फक्त बॅचचा, म्हणजे दहा नगांवर एकच. चाचणी लॅबसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ या मानकातलं कलम ६.४.१३ उपकरणाच्या नोंदीत उत्पादकाचं नाव, प्रकार आणि अनुक्रमांक किंवा दुसरी कोणतीही एकमेव ओळख मागतं. अनुक्रमांक नसला म्हणून अडत नाही, आपला टीएच नंबर ती जागा भरून काढतो. त्याच कलमात उपकरणाचं सध्याचं ठिकाण ही वेगळी नोंद म्हणून मागितली आहे. देह आणि जागा वेगळ्या ठेवायला मानकच सांगतं. ज्यांनी एनएबीएलची, म्हणजे लॅबच्या राष्ट्रीय मान्यतेची, तयारी सुरू केली आहे त्यांनी पहिल्या दिवसापासून ही दोन रकान्यांची सवय लावून घ्यावी, नंतर जुन्या नोंदी उलगडत बसणं फार जड जातं.

तारेवरचे नंबर वाटताना १ कायम मोकळा ठेवा. हा या परीक्षणातला आमचा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. बाहेरून येणारा प्रत्येक नवा सेन्सर १ असतो. ऊर्जा मीटर आणि तापमान कंट्रोलरही अनेकदा १ वरच येतात. १ वर आपलं काही नसेल तर नवा पाहुणा चुकून तारेवर जोडला गेला तरी चालू सेन्सरशी भांडत नाही, आणि १ ला हाक मारून “नंबर न दिलेलं कुणी आहे का” हे कधीही तपासता येतं. २ ते १० ही सोडून द्या. पुढे खोलीला एक दशक द्या: ११ ते १९ रीगेंट आणि स्टोअर, २१ ते २९ सँड लॅब, ३१ ते ३९ मेटॅलोग्राफी (धातूची रचना पाहायची खोली), ४१ ते ४९ मापन कक्ष. दशकात जागा उरते ती उरू द्या. खोली वाढते, भिंत पडते, फ्रिज येतो.

आपल्याकडे आकड्यांचा आणखी एक फायदा आहे. एकाच खोलीला मराठी कामगार माती खोली म्हणतात, कन्नड बोलणारे दुसरं काही, आणि कागदोपत्री ती सँड लॅब असते. फोनवर “२१ बंद आहे” असं सांगितलं की पाळीवरचा कुणीही त्याच डब्यापाशी जातो.

टेबलावर नंबर देणं

लागणाऱ्या वस्तू थोड्या: यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर, १२ व्होल्टचा अडॅप्टर, तारेचे चार तुकडे आणि संगणकावर क्यूमॉडमास्टर हा मोफत मिळणारा कार्यक्रम. डबा एकच जोडा. कार्यक्रमात आरटीयू निवडा, ९६००, ८, पॅरिटी नाही, १. स्लेव्ह नंबर, म्हणजे उत्तर देणाऱ्याचा नंबर, १, फंक्शन ४ म्हणजे इनपुट रजिस्टर (डब्यातला आकडा ठेवायचा क्रमांकाचा कप्पा) वाचणं, सुरुवात १ पासून, संख्या २. पहिल्या रजिस्टरात तापमान येतं, दुसऱ्यात आर्द्रता, दोन्ही दहापट करून. २७४ आणि ६१० आले तर २७.४ अंश आणि ६१.० टक्के.

इथे बरेच जण अडतात. काही कार्यक्रम रजिस्टर ० पासून मोजतात, काही १ पासून. क्यूमॉडमास्टरच्या सेटिंगमध्ये बेस अॅड्रेस बदलता येतो. तापमानाच्या जागी ६१० दिसलं आणि त्यापुढचं काही वाचताच येत नसेल, तर मोजणी एकानं पुढे सरकली आहे. सेन्सर बिघडलेला नाही, बेस बदला.

वाचन नीट आलं की होल्डिंग रजिस्टर २५७ फंक्शन ३ नं वाचा. त्यात डब्याचा चालू नंबर असतो, म्हणजे १ दिसायला हवा. हे आधी वाचून बघणं महत्त्वाचं आहे, कारण मोजणी सरकलेली असेल आणि आपण थेट लिहायला गेलो तर नंबराऐवजी शेजारच्या २५८ मध्ये, म्हणजे वेगाच्या रजिस्टरात लिहिलं जातं. मग डबा ९६०० ला उत्तरच देत नाही आणि मेला असं समजून फेकला जातो. १ दिसला की फंक्शन ६ नं २५७ मध्ये हवा तो नंबर लिहा, समजा २१. आता वीज काढा, पाच सेकंद थांबा, परत द्या. स्लेव्ह नंबर २१ करून पुन्हा वाचा. उत्तर आलं पाहिजे. मग स्लेव्ह १ ला हाक मारा, उत्तर येता कामा नये. हे दुसरं पाऊल कुणी करत नाही, आणि नंबर खरोखर बदलून टिकला आहे याची खात्री त्यातूनच होते.

वेग मात्र ९६०० च राहू द्या. एका विचारणेला ८ बाइट, उत्तराला ९ बाइट, ९६०० ला एक बाइट जेमतेम १ मिलिसेकंद घेतो. वीस डबे पाच-पाच मिनिटांनी वाचायचे तर वेग वाढवून काही हाती लागत नाही. उलट एक डबा वेगळ्या वेगावर राहिला तर तो शोधायला अर्धी सकाळ जाते.

डबा हातात असतानाच स्टिकर लावा. समोर मोठ्या आकड्यात तारेवरचा नंबर, बाजूला लहान अक्षरात टीएच नंबर. टीएचचा एक स्टिकर झाकणाच्या आतूनही, कारण दोन डबे उघडून साफ केले की झाकणांची अदलाबदल होते. दुकानात बिलाला वापरतात तो थर्मल कागद नको. स्पिरिटचा बोळा फिरला की अक्षर पुसट होतं आणि फर्नेसजवळच्या उन्हाळ्यात कागदच काळा पडतो. पॉलिस्टर स्टिकरवर रेझिन रिबनची छपाई किंवा लॅमिनेट केलेली टेप घ्या.

भिंतीवर गेल्यावर

आरएस-४८५ ची तार एका डब्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात अशी ओळीनं न्यायची. एका जागेवरून चहूकडे फाटे फोडायचे नाहीत. कॅट-६ केबल चालते: निळी जोडी ए आणि बी ला, नारिंगी जोडी विजेला, आणि हेच रंग सगळीकडे. टर्मिनलचं भोक लहान आहे, त्यात येणारी आणि जाणारी अशा दोन तारा बसवाव्या लागतात. नुसत्या पिळून घातल्या तर एक केस बाहेर राहतो किंवा स्क्रू आवळताना तुटतो. दोन तारांचं फेरूल, म्हणजे टोकावर दाबायची धातूची नळी, लावा. ए आणि बी उलटे लागले तर डबा जळत नाही, फक्त गप्प राहतो. काही कन्व्हर्टरवर ए-बी ची खूणच उलटी छापलेली असते, म्हणून एकही डबा बोलत नसेल तर कन्व्हर्टरपाशी दोन तारा अदलून बघा.

तार लांब असेल तर दोन्ही टोकांना १२० ओमचा रेझिस्टर लागतो. काही कन्व्हर्टरमध्ये तो आतच असतो. वीज बंद करून ए-बी मध्ये मल्टीमीटर लावा: ६० ओमच्या आसपास आलं तर दोन आहेत, ठीक. ४० च्या आसपास आलं तर कुठेतरी तिसरा बसला आहे, काढा. वीस-तीस मीटरच्या एका मजल्यावर ९६०० ला रेझिस्टर नसला तरी सहसा काम चालतं.

फाउंड्रीत इंडक्शन फर्नेसच्या केबलपासून ही तार दूर ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. एका इमारतीतून दुसरीत उघड्यावरून तांब्याची तार नेऊ नका. एप्रिल-मे महिन्यात वळीव येतो तेव्हा जवळपास पडलेल्या विजेचा झटका तारेवर चढतो आणि डब्यातला आरएस-४८५ चा चिप जातो, बऱ्याचदा ओळीतले सगळेच. दुसऱ्या इमारतीला वेगळा कन्व्हर्टर द्या किंवा मध्ये फायबर घाला. कन्व्हर्टर आयसोलेटेड, म्हणजे दोन्ही बाजू विजेनं एकमेकींपासून तोडलेला, घेतला तर संगणक तरी वाचतो. त्यासाठीचे जास्तीचे पैसे देण्यासारखे आहेत.

सगळे लावून झाले की जागा आणि नंबर जुळतात का हे पाहण्याची सोपी रीत आहे. एकानं संगणकापाशी बसायचं, दुसऱ्यानं प्रत्येक डब्याजवळ जाऊन झाकणाच्या फटीतून दोन-तीनदा फुंकर मारायची. श्वासाच्या वाफेनं आर्द्रता ५५ वरून ७५-८० कडे झरझर चढते. स्क्रीनवर २१ चा आकडा चढला आणि समोरचा स्टिकर २१ चाच असला तर बरोबर. दुसराच कुठला चढला तर लावताना अदलाबदल झाली आहे. हा खेळ वाटला तरी चुकवू नका. स्टिकर, तक्ता आणि तार या तिन्हींचा मेळ एकदम तपासणारी याहून सोपी कसोटी नाही. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला खोलीतच ९० च्या वर आर्द्रता असते, तेव्हा फुंकरीनं फरक दिसत नाही. मग डबा मुठीत धरून तापमान चढतं का ते बघा.

कन्व्हर्टरलाही ओळख लागते

सेन्सरना नंबर दिले, पण संगणकाला कन्व्हर्टर कुठल्या कॉम पोर्टवर आहे हे कळावं लागतं. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये सीएच३४० चिप असते. साध्या सीएच३४० मध्ये स्वतःचा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे विंडोज त्याला यूएसबीच्या भोकावरून ओळखतं. झाडूपोछ्याच्या वेळी काढून शेजारच्या भोकात घातला की कॉम५ चा कॉम७ होतो आणि नोंद थांबते, चूक मात्र सेन्सरवर ढकलली जाते. एफटीडीआयच्या एफटी२३२ चिपमध्ये प्रत्येक नगाचा वेगळा अनुक्रमांक असतो, त्यामुळे तो कुठल्याही भोकात घातला तरी पोर्टचा नंबर तोच राहतो. दोन तारा, म्हणजे दोन कन्व्हर्टर एकाच संगणकाला असतील तर एफटीडीआयचाच घ्या, नाहीतर दोन मजल्यांची नोंद एकमेकांत मिसळण्याचा धोका आहे. दोन्ही मजल्यांवर २१ असेल तर ही चूक महिनोन्‌महिने लक्षातही येत नाही. म्हणून तारा दोन असल्या तरी नंबर पूर्ण लॅबमध्ये एकदाच वापरा. २४७ आहेत, कमी पडत नाहीत. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरणाऱ्यांनी पोर्टचं नाव अनुक्रमांकावरून बांधून घ्यावं. सीएच३४० असेल तर भोकावरून बांधावं आणि त्या भोकावर रंगाचा ठिपका द्यावा.

दुरुस्ती कुठे लिहायची

डब्यात रजिस्टर २५९ आणि २६० मध्ये तापमान आणि आर्द्रतेची दुरुस्ती साठवता येते. सोय चांगली आहे, तरी ती शून्यच ठेवावी असं आमचं ठाम मत आहे. डब्याच्या पोटात लपलेली दुरुस्ती बाहेरून दिसत नाही. पुढच्या वर्षी कॅलिब्रेशनला पाठवताना ती काढली की ठेवली याचा उलगडा होत नाही, आणि दोनदा दुरुस्ती लागू व्हायची भीती असते. दुरुस्ती संगणकावरच्या तक्त्यात ठेवा, पण तारेवरच्या नंबरापुढे नव्हे, टीएच नंबरापुढे. मधे एक छोटा तक्ता: जागा २१, डबा टीएच-०१४, कधीपासून, कधीपर्यंत. डबा बदलला की या तक्त्यात एक ओळ वाढते, आणि नव्या डब्याची दुरुस्ती त्या तारखेपासून आपोआप लागू होते. हा तक्ता नसेल तर जुन्या डब्याची उणे ०.४ नव्या डब्याला चिकटून राहते आणि नोंद चुकीची असूनही नीटनेटकी दिसते.

आर्द्रतेची घरच्या घरी पडताळणी मिठावर होते. घट्ट झाकणाच्या डब्यात मीठ घ्या, पाणी घालून ओल्या वाळूइतपत करा, सेन्सर वर टांगा, तार निघते ती फट मेणानं बुजवा आणि रात्रभर ठेवा. २५ अंशाला आर्द्रता ७५.३ टक्के यायला हवी. ७२ ते ७८ मध्ये आली तर डबा आपल्या कुवतीत आहे. यानं प्रमाणपत्राचं काम भागत नाही, पण बिघडलेला नग आधीच हाती लागतो.

कुठे लावू नये

मेटॅलोग्राफीच्या खोलीत नायटल, म्हणजे स्पिरिटातलं नायट्रिक आम्ल, आणि अॅसिटोन वापरतात. त्यांच्या वाफेनं आर्द्रतेचा सेन्सर हळूहळू सरकतो. तिथे लावायचाच तर फ्यूम हूडपासून लांब, दाराच्या बाजूला लावा आणि मिठाची पडताळणी तिमाहीला करा. मापन कक्षात, जिथे २० अंशाला अधिक-उणे १ ठेवायचं असतं, तिथे अर्ध्या अंशाची खोट असलेला हा डबा नको, पीटी१०० या प्लॅटिनमच्या तापमान सेन्सरवर चालणारा चांगला ट्रान्समीटर घ्या. तन्यता चाचणीच्या खोलीला मात्र हा चालतो, कारण आयएसओ ६८९२-१ साधारणपणे १० ते ३५ अंशांची मोकळीक देतं.

रीगेंटच्या २ ते ८ अंशांच्या फ्रिजमध्ये हा डबा ठेवू नये. दार उघडलं की दव धरतं. शिवाय तो हवेचं तापमान सांगतो, बाटलीतलं नाही. तिथे ग्लिसरीनच्या लहान बाटलीत बुडवलेला प्रोब बरा. डीप फ्रीजरला वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: शून्याखालचं तापमान चिन्हासह १६ बिटांत येतं. कार्यक्रमानं ते बिनचिन्हाचं वाचलं तर उणे ३.६ च्या जागी ६५५०.० दिसतं.

दुसरे पर्याय नंबराच्या नजरेनं

फ्रिजच्या प्रोबसाठी डीएस१८बी२० हा तापमान सेन्सर स्वस्त आणि सरळ आहे. त्यात कारखान्यातच ६४ बिटांचा कोड कोरलेला असतो: ८ बिट घराण्याचे, ४८ बिट अनुक्रमांकाचे, ८ बिट तपासणीचे. दोन प्रोबचा नंबर एक होण्याचा प्रश्नच नाही. पण तो देहाचा नंबर झाला, जागेचा नाही. प्रोब बदलला की कार्यक्रमात नवा कोड भरावाच लागतो. वरचा जागा-डबा तक्ता इथेही तसाच लागतो.

थोडे जास्त पैसे दिले तर डिप स्विच, म्हणजे लहान चालू-बंद खटके, असलेले मॉडबस सेन्सर मिळतात. पाच स्विच असतील तर किंमती १, २, ४, ८, १६. २१ साठी १, ४ आणि १६ वर. नंबर डोळ्यांना दिसतो आणि संगणकाशिवाय बदलता येतो. ज्या लॅबमध्ये संगणकाचं काम करणारा माणूस कायम नसतो, निपाणी-चिकोडीकडच्या लहान लॅबमध्ये हे नेहमीचंच आहे, तिथे आम्ही हाच प्रकार सुचवू. पाच स्विचांवर ३१ च नंबर मिळतात, म्हणून दशकांची वाटणी आखडती घ्यावी लागेल. वाय-फायचे सेन्सर घेतले तर राउटरमध्ये प्रत्येकाच्या मॅक नंबरापुढे आयपी राखून ठेवा, नाहीतर वीज जाऊन आल्यावर आयपी बदलतात आणि खोल्या अदलाबदल होतात.

खरेदीचं शेवटचं. लागतात त्याहून दोन नग जास्त मागवा. माल आला की परत करायची मुदत संपायच्या आत प्रत्येक नग टेबलावर एकेक करून वाचा. सगळे २४ तास एकत्र ठेवून बाकीच्यांपेक्षा १ अंश किंवा ५ टक्के वेगळा बोलणारा नग परत पाठवा. शिल्लक दोघांना टीएच नंबर आणि स्टिकर आत्ताच द्या, मिठावर पाहून घ्या, कॅलिब्रेशनही बाकीच्यांबरोबरच करून आणा, पण तारेवरचा नंबर १ च राहू द्या. ज्या दिवशी २१ किंवा ३३ बंद पडेल, त्या दिवशी पाळीवरच्या माणसाला एकच काम उरतं: शिल्लक डबा टेबलावर एकटा जोडायचा, बंद पडलेल्या जागेचा नंबर २५७ मध्ये लिहायचा, वर नेऊन लावायचा आणि तक्त्यात तारीख टाकायची.